शेजपाळीचा फुटबॉल

इंदापूर तालुक्यात एकेकाळी फुटबॉलचा क्लब होता, असं मी सांगायला लागलो की समोरचा माणूस आधी हसतो. कुस्ती म्हणा, कबड्डी म्हणा, पटतं त्याला. फुटबॉल? मग मी चिडतो. चिडायला मला फार लागत नाही, हे माझी बायको न विचारता सांगेल. परवा आपल्या भागातल्या खेळांवर एक स्मरणिका निघाली. कुस्तीला अकरा पानं, कबड्डीला सहा, बैलगाडा शर्यतीला रंगीत फोटो. फुटबॉलला एक ओळ नाही. संपादकाला फोन केला तर म्हणाला, सर, असा काही क्लब होता याला पुरावा काय? आता मीच त्या क्लबाचा सेक्रेटरी होतो, मी काय पुरावा देणार? डोंबल?

तर क्लब होता. नव्वदच्या आसपास सुरू झाला आणि आठ-नऊ वर्षं चालला. 'पाणकाठ क्रीडा मंडळ' असं कागदावर नाव. सेक्रेटरी मी, तोही कागदावरच. खरा क्लब म्हणजे एकच माणूस. अध्यक्ष तोच, कोच तोच, मैदानाला फक्की मारणारा तोच आणि सामन्यानंतर पंधरा शर्ट सायकलीला बांधून घरी धुवायला नेणाराही तोच. दशरथ साळवे. सगळा तालुका त्यांना तात्या म्हणायचा. तात्या गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की अजून माझा हात जड होतो, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

मी तेव्हा डाळजच्या जवळ एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. एक दिवस मधल्या सुट्टीत एक उंच, काळासावळा, खाकी शर्टातला माणूस सायकल भिंतीला टेकवून आत आला. सायकलीच्या हँडलला लोक जेवणाचा डबा अडकवतात. याच्या हँडलला जाळीच्या पिशवीत फुटबॉल. खिशाला दोन पेनं आणि मध्ये शिट्टी. मला म्हणाला, "सर, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनत्यात. येक अर्ज लिहून पायजे." मंडळाची नोंदणी करायची होती. मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या आयुष्यातली नऊ वर्षं त्या अर्जात गेली.

तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. तरुणपणी काही दिवस खडकीला मामाकडं राहिले होते, तिथं लष्कराच्या मैदानाबाहेर तारेला धरून फुटबॉल बघून बघून शिकले. आत जाऊन खेळायला कधी मिळालं नाही. पण खेळाचं वेड घेऊन आले आणि ते पोटात ठेवून तीसेक वर्षं कालव्याच्या कडेनं सायकल हाणत राहिले.

त्यांचं काम समजून घेतल्याशिवाय त्यांचा फुटबॉल समजत नाही, म्हणून थोडं सांगतो. कालवा जिथून सुरू होतो तिथल्या रानांना हेड म्हणतात आणि जिथं संपतो तिथल्यांना टेल. पाणी सुटलं की हेडवाले आधी ओढून घेतात आणि टेलला धूळ. हे होऊ नये म्हणून पाण्याची शेजपाळी असते. शेजारामागून शेजारी, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी, आणि सुरुवात शेवटच्या रानापासून. नियम सगळीकडं हाच असतो. पाळणारा मात्र लाखात एक, आणि तो आमच्या वाट्याला आला होता. पाणी चालू असेल तोवर तात्या कुणाच्या बांधावर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पाण्याची बाटली स्वतःची, भाकरी स्वतःची. "टेल भिजलं की समदं भिजलं," असं त्यांचं एक वाक्य होतं आणि ते दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं.

एकदा एका बड्या बागायतदारानं पाळी नसताना कालव्याचं दार उघडलं आणि दारावर खुर्ची टाकून स्वतःच बसला. कोण उठवतंय बघू, म्हणाला. तात्यांनी भांडण केलं नाही. त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली, पिशवीतनं वर्तमानपत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बातम्या झाल्या, बाजारभाव झाले, हरवले-सापडले झालं, वधू-वर पाहिजेत झालं. एप्रिलचं ऊन. दोन तासांनी बागायतदार स्वतःच उठला, म्हणाला, बंद करा तात्या ते दार, आणि ते तोंडबी. असा माणूस. राग यायचा त्याचा आणि कौतुकही वाटायचं, दोन्ही एकदमच.

आमचं मैदान जगात कुणाला नसेल असं होतं. उजनीच्या फुगवट्यात. शिमग्याच्या आसपास धरणाचं पाणी मागं सरकायला लागलं की काळ्या गाळाची सपाट जमीन उघडी पडायची. ती वाळली, तिला भेगा पडल्या, की तात्या पावलं मोजून फक्कीच्या रेघा मारायचे. गोलच्या बांबूंना भोई लोकांची फाटकी जाळी. गाळात शिंपले असायचे, त्यांनी पाय कापायचे, म्हणून सरावाच्या आधी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपले वेचत जायचं. मीसुद्धा वेचायचो. माझं पोट तेव्हाच सुटलेलं होतं आणि वाकलं की दम लागायचा, पण तात्यांपुढं बोलायची सोय नव्हती. पावसाळ्यात मैदान बुडायचं. एक वर्ष गोल काढायचे राहून गेले. ऑगस्टमध्ये बघतो तर पाण्यावर नुसता आडवा बांबू आणि त्यावर ओळीनं पाणकावळे. तात्या रोज येऊन बघायचे. तो बांबूही बुडाला त्या दिवशी मला येऊन सांगितलं, सर, धरण भरलं. एवढा आनंद मी त्यांना गोल झाल्यावरही झालेला बघितला नाही.

आता त्यांची खरी खोड. क्लबात पंधरा पोरं आणि मैदानात अकराच उतरणार. जगातला कुठलाही कोच काय करतो? चांगले अकरा उतरवतो. तात्यांनी पंधरा जणांची यादी केली, पाणी मागायच्या अर्जाच्या कोऱ्या पाठीवर, आणि शेजपाळी लावली. प्रत्येक सामन्यात पहिल्या डावात चार जण बाहेर बसणार, दुसऱ्या डावात ते आत येणार आणि दुसरे चार बाहेर. कोण कधी बसणार हे यादीप्रमाणं, आणि खेळायचा नंबर आधी लागायचा तो सगळ्यात कच्च्या खेळाडूचा. गोलकीपरसुद्धा याच नियमात. त्यामुळं दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी आमच्यावर एका डावात सात गोल चढवले, कारण त्या दिवशी गोलमध्ये पोपट होता.

पोपट म्हणजे आमचं टेल. भाजीपाल्याच्या मळ्यातला माळ्याचा पोरगा, अंगानं आडवा, पळताना पाय एकमेकांत अडकायचे. पण हसरा असा की त्याच्यावर कुणाला चिडता यायचं नाही. त्यानं आयुष्यातला पहिला गोल केला तो आमच्याच गोलात. केला आणि नाचायला लागला. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. तात्यांनी मात्र रेषेबाहेरून टाळ्या वाजवल्या आणि ओरडून सांगितलं की पोपट्या, पाय तर लागला, आता तोंड तेवढं फिरव.

आणि हेड म्हणजे मिलिंद. तात्यांचा एकुलता एक मुलगा.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. नऊ वर्षं सेक्रेटरी राहून मला ऑफसाइड समजला नाही. पण मिलिंदच्या पायात चेंडू आला की माझ्यासारख्यालाही कळायचं की आता काहीतरी होणार. बापासारखाच उंच, बापासारखाच अबोल. आयटीआय करून दोन वर्षं घरी बसला होता, मिळेल तिथं रोजावर जायचा. बाप सरकारी नोकरीत असून पोराला कुठं चिकटवता येत नाही, असं लोक म्हणायचे. तात्यांच्या शब्दावर त्याला कुणीही चिकटवलं असतं, तालुक्यात त्यांचं तेवढं वजन होतं. पण ते शब्द टाकणार नाहीत हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

म्हणून मीच खटपट केली. माझा एक कॉलेजचा मित्र पुण्यात एका कंपनीत होता. त्या कंपनीचा फुटबॉलचा संघ होता आणि चांगल्या खेळाडूला ते कामावर घ्यायचे. मी त्याला चार पत्रं लिहिली. शेवटी त्यांच्या संघाचे एक साहेब बारामतीला स्पर्धा बघायला यायला तयार झाले. फक्त मिलिंदला बघायला. आवडला तर उचलतो, म्हणाले. हे मी तात्यांच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांची बायको, शांताकाकू, चुलीपुढून उठून माझ्या पाया पडायला लागली. मला कानकोंडं झालं. मिलिंद दुसऱ्या दिवसापासून पहाटे कालव्याच्या भरावावर धावायला लागला. तीन आठवडे धावत होता.

तो रविवार मला आजही नको वाटतो.

सामना तीनला होता. साहेबांना दौंडहून पुण्याची गाडी धरायची होती, म्हणून साडेचारला बारामती सोडणं भाग होतं. तीनला सुरू होऊन सव्वाचारपर्यंत सामना आटपला असता, काहीच अडचण नव्हती. पण आपल्याकडं सामना तीनला कधी सुरू झालाय? प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार. पुण्याच्या साहेबांनाही शाल आणि नारळ. ते बिचारे शाल पांघरून उन्हात बसले आणि घड्याळ बघत राहिले. पावणेचार झाले तरी भाषण चालूच होतं. मी बोटांवर हिशोब केला. साहेबांना फक्त पहिला डाव बघायला मिळणार होता, आणि त्या दिवशीच्या यादीत पहिल्या डावात बाहेर बसणाऱ्या चारांत मिलिंद होता.

मी पळत तात्यांकडं गेलो. सांगितलं, असं असं आहे, साहेब मध्यंतरालाच जाणार, मिलिंदला आत्ताच उतरवा. तात्यांनी खिशातनं यादी काढून बघितली. काय बघितलं देव जाणे, ती त्यांना पाठच होती. मिलिंद खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याचे हात थांबले. त्यानं वर बघितलं नाही. पोरं सगळी गोळा झाली. मग पोपट पुढं आला. त्यानं अंगातला शर्ट काढला आणि तात्यांपुढं धरला. म्हणाला, "तात्या, माजा नंबर मिलिंदला द्या. मी माज्या खुशीनं देतोय."

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, सुटलो.

"आज तू खुशीनं देशील," तात्या म्हणाले. "उद्या कुनीतरी तुला खुशीनं द्यायला लावंल. घाल तो शर्ट."

पोपटनं शर्ट घातला. मला इतका संताप आला की मी तिथून निघून साहेबांच्या मागं जाऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, काय हा माणूस आहे का दगड? स्वतःच्या पोराच्या पानावरचं उचलून घेतोय.

पण दहा मिनिटांनी बघतो तर तात्या साहेबांपुढं उभे. हात जोडून. चाळीस वर्षांत ज्यानं कुणापुढं हात पसरला नाही तो माणूस अवघडून, खालच्या आवाजात म्हणत होता की साहेब, दुसऱ्या डावात आमचा एक पोरगा उतरतोय, तेवढा बघून जावा. माझा मुलगा आहे हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. साहेब भला माणूस होता. मध्यंतरानंतर दहा मिनिटं थांबतो, म्हणाला. आणि थांबलाही असता. पण मध्यंतराला आणखी एक पाहुणे उगवले आणि त्यांच्या हस्ते पंचांना नारळ द्यायचं निघालं. ते नारळ देणं संपेपर्यंत साहेबांची वेळ झाली. ते उठले, मला म्हणाले, सॉरी, आणि गाडीत बसले. मिलिंद तेव्हा मैदानात उतरून मधल्या रेषेवर उभा होता. त्यानं गाडी वळताना बघितली. फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तिकडंच बघत होता. मग शिट्टी झाली.

त्या दिवशी तो जे खेळला ते मी पुन्हा कुठं बघितलं नाही. दोन गोल केले. दुसऱ्या गोलाच्या वेळी समोरच्या संघातली पोरंसुद्धा क्षणभर थांबली. आम्ही जिंकलो. पोरांनी पोपटला उचललं, मिलिंदला उचललं. मिलिंद खांद्यावरून खाली उतरला, बूट काढले आणि तात्यांच्या पायाशी जोडीनं नीट ठेवले.

"लागला माझा नंबर, तात्या," म्हणाला, आणि अनवाणीच स्टँडकडं चालायला लागला. त्यानंतर तो कधी खेळला नाही.

मी पुन्हा पत्रं लिहिली. साहेबांनी त्याच स्पर्धेतला दुसरा एक पोरगा घेतला होता. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी कंपनीनं संघच बंद केला. ते पत्र घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. तात्या अंगणात सायकल पुसत होते. मी वाचून दाखवलं. मग शांताकाकू दारातून म्हणाली, "साऱ्या गावाला नंबर दिला. पोराला तेवढा न्हाय दिला." ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. वांग्याला मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलं तिनं. तात्या सायकल पुसत राहिले. पुसलेली जागा पुन्हा पुसत राहिले.

महिनाभरात मिलिंद ओळखीनं वापीला एका कारखान्यात लागला आणि गेला.

मी तात्यांशी काही दिवस बोललोच नाही. माझा स्वभावच तसा. पण शिमगा झाला, पाणी सरकलं, आणि तात्या सायकल घेऊन शाळेत आले. मैदान निघालंय, म्हणाले. गेलो. त्या दिवशी पोरं उशिरा येणार होती, आम्ही दोघंच शिंपले वेचत होतो. मी मागंपुढं न बघता विचारून टाकलं की तात्या, एक दिवस यादी बाजूला ठेवली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? तात्या वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि मैदानाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. त्यांचं जुनं गाव तिथंच होतं, धरणात गेलेलं. तिथं गावची विहीर होती, आता गाळानं बुजलेली.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ते सहा-सात वर्षांचे असताना आईबरोबर त्या विहिरीवर जायचे. आईला पोहरा टाकायची मुभा नव्हती. लांब उभं राहायचं आणि कुणी घागरीत ओतलं तर घ्यायचं. मागून आलेल्या बायका पाणी भरून जायच्या. त्यांच्या मागून आलेल्याही जायच्या. आई सकाळची उभी असायची ती ऊन डोक्यावर येईस्तोवर.

"आईचा नंबर कवा लागलाच न्हाय, सर," तात्या म्हणाले. "कुनाला दया आली तर पानी. न्हाय आली तर न्हाय. छप्पन साली आमी धम्म घेतला तवा मी सोळा वर्सांचा हुतो. तवाच ठरीवलं, कुनाची दया नको. नंबर पायजे. माजा बी, आन दुसऱ्याचा बी."

इतिहासाचा मास्तर मी. हातातले शिंपले टाकायचेही राहून गेले. ते बरोबर होते. आणि शांताकाकूही बरोबर होती. या दोन्हींचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

पुढं क्लब विरघळत गेला. लोणी देवकरकडं कारखाने आले, पोरं पाळ्यांवर जायला लागली. कुणाची लग्नं झाली. पंधराचे बारा झाले, बाराचे नऊ. नऊ जणांत कुणाला बाहेर बसवायचं? तरी तात्या यादी करायचे. शेवटच्या वर्षी शिंपले वेचायला तात्या, पोपट आणि मी. पोपटचं लग्न होऊन त्याला मूल झालं होतं, तरी यायचा. आम्ही तिघांनी अख्खं मैदान वेचलं, तात्यांनी रेघा मारल्या, आणि कुणीच आलं नाही. तात्यांनी पोपटला पाच-पन्नास वेळा चेंडू मारायला लावला. मग जाळी सोडली आणि घडी घातली. त्याच वर्षी ते रिटायर झाले.

मिलिंदची पत्रं यायची, पण आईच्या नावानं. शांताकाकूला वाचता येत नव्हतं, त्यामुळं ती तात्याच तिला वाचून दाखवायचे. एकदा मी गेलो तेव्हा वाचन चाललं होतं. आई, तब्येत सांभाळ. आई, इकडं पाऊस फार आहे. आई, मुलीचं नाव अमुक ठेवलं. तात्यांबद्दल अक्षर नाही. शेवटी 'सर्वांना नमस्कार' होतं. तात्यांनी ते 'सर्वांना' जरा सावकाश वाचलं. मला तिथं बसवेना, चहा न घेता उठलो.

मग नव्व्याण्णवची गोष्ट. रविवार होता. मला बारामतीला जायचं होतं म्हणून इंदापूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. समोर एसटीडी बूथ, आणि रविवारी दर कमी म्हणून तिथं ही रांग. रांगेत शेवटी तात्या. वाळले होते फार. मी जवळ गेलो. उद्या पुण्याला ॲडमिट व्हायचंय, म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन. घरात सांगितलं होतं की साधी तपासणी आहे. हातात चिठ्ठी, तिच्यावर मिलिंदच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर.

"त्याला सांगून टाकतो म्हनतो," तात्या म्हणाले.

मला वाटलं, ऑपरेशनचं.

"ते न्हाय. चुकलं माजं म्हनून."

मी म्हणालो, तात्या, तुमचं चुकलं नव्हतं. हे मी तोवर त्यांना कधी म्हणालो नव्हतो.

"नव्हतंच चुकलं," ते म्हणाले. "पन पोराला म्हनाया काय जातंय?"

रांग हलेना. आत एक बाई मुलीशी बोलत होती आणि रडत होती. तात्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. ते रांगेतून बाहेर आले, पुढं गेले आणि पुढच्या लोकांना म्हणाले की मला जरा आधी लावू द्या, पोराला फोन करायचाय. लोक ओळखणारे होते. लावा की तात्या, म्हणाले, त्यात काय.

शेजाऱ्यांनी फोन उचलला. बोलावून आणतो, पाच मिनिटांनी करा, म्हणाले. तेव्हा असंच असायचं. तात्या बाहेर येऊन काचेला टेकून उभे राहिले. पाच मिनिटांनी लोकांनी त्यांना पुन्हा आत सोडलं. मी काचेतून बघत होतो. तात्यांनी ऐकलं. बरं, म्हणाले. मग पुन्हा, बरं बरं, काय न्हाय, सहज केला हुता. रिसीव्हर ठेवला आणि बाहेर आले. ड्युटीवर हाय म्हनं, मला सांगितलं.

तो ड्युटीवर नव्हता. हे मला कळलं ते तात्यांच्या जलदानविधीला, मरणानंतरच्या दिवसाला; त्या ऑपरेशनातून ते उठलेच नाहीत. विहाराच्या मागं मिलिंद एकटा उभा होता, बापाइतकाच उंच, दाढी वाढलेली. म्हणाला, "सर, फोन आला तवा मी तिथंच हुतो. शेजारच्या वहिनीला हातानं न्हाय म्हनलं. वाटलं, करतील परत." मग विचारलं, काय सांगायचं होतं तात्यांना? मी त्याला सांगितलं. शब्दाला शब्द, पहिला अर्धा. 'नव्हतंच चुकलं' एवढं मात्र गिळलं. तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून, आणि बराच वेळ उठला नाही. मी बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. पोराला सांगायला माझंही काय जात होतं?

करतील परत, असं त्याला वाटलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्या दिवशी माझी बस लागली तेव्हा तात्या मला म्हणाले की तुमी जावा सर, मी जरा येळानं परत लावून बघतो. मी चढलो, खिडकीपाशी जागा मिळाली. बूथवाल्यानं पुढं मला सांगितलं की त्या दुपारी लाइन गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाही. पण हे नंतरचं. बस मागं घेत होते तेव्हा मी बघितलं, तात्या पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले होते. त्यांच्या पुढं आठ-दहा माणसं होती. ती वळून वळून त्यांना हातानं पुढं बोलावत होती आणि तात्या मान हलवून नको म्हणत होते.